संगणकाचे परीक्षक

डिसेंबर १९९४ मध्ये संगणकांच्या जगात दोन आकडे गाजत होते. इंटेल कंपनीच्या पेंटियम या प्रोसेसरमध्ये भागाकाराचा एक दोष सापडला होता. सामान्य वापर करणाऱ्याला हा दोष किती काळाने एकदा भोवेल, असा प्रश्न होता. इंटेलचे उत्तर होते, २७,००० वर्षांतून एकदा. आयबीएमचे उत्तर होते, दर २४ दिवसांनी. प्रोसेसर तोच, दोषही तोच, आणि दोन्ही उत्तरे जाणत्या अभियंत्यांनी रीतसर आकडेमोड करून काढलेली.

दोष काय होता, हे वर्गात वही-पेन्सिल घेऊनही पाहता येते. ४१,९५,८३५ या संख्येला ३१,४५,७२७ ने भागले तर उत्तर १.३३३८२०४४९… असे येते. त्या पेंटियमवर ते १.३३३७३९०६८… असे येई. म्हणजे चौथ्या दशांश स्थळापासून उत्तर बिघडलेले. भागाकार जलद व्हावा म्हणून प्रोसेसरमध्ये एक कोष्टक कोरलेले होते. त्यातल्या १०६६ नोंदींपैकी पाच नोंदी राहून गेल्या होत्या. व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. वेगवेगळ्या यंत्रांवरची उत्तरे जुळेनात, हे जून १९९४ मध्ये त्यांच्या लक्षात आले. आपली आज्ञावली, कंपायलर, यंत्राचे इतर भाग असे एकेक कारण बाद करत प्रोसेसरपर्यंत पोहोचायला त्यांना ऑक्टोबर उजाडला.

मग २७,००० वर्षे आणि २४ दिवस इतके अंतर कसे पडले? इंटेलने धरले की, भागाकारात येणाऱ्या संख्या कशाही विखुरलेल्या असतात. त्या हिशेबाने ९ अब्ज भागाकारांत एक चूक होते, आणि हिशेबाचे तक्ते वापरणारा माणूस दिवसाला हजाराच्या आसपास भागाकार करतो. आयबीएमचे म्हणणे होते की, व्यवहारातल्या संख्या अशा विखुरलेल्या नसतात. काही विशिष्ट घडणीच्या संख्या वारंवार येतात. म्हणून चुकीची शक्यता १० कोटींत एक धरावी. शिवाय तक्ता पुन्हा पुन्हा हिशेब करत असतो, तेव्हा दिवसाला ४२ लाख भागाकार धरावेत. १० कोटींना ४२ लाखांनी भागून पाहा. २४ दिवस येतात.

आता कोणाचे काय पणाला लागले होते, तेही पाहू. इंटेलला लाखो प्रोसेसर बदलून द्यायचे नव्हते. आयबीएम पेंटियमचे संगणक विकत असे खरी, पण मोटोरोला आणि ॲपल यांच्यासह पॉवरपीसी हा प्रतिस्पर्धी प्रोसेसरही तीच बनवत होती. आयबीएमने १२ डिसेंबरला पेंटियमच्या संगणकांची रवानगी थांबवली. २० डिसेंबरला इंटेलने मागेल त्याला प्रोसेसर बदलून देण्याचे जाहीर केले आणि त्यापायी ४७.५ कोटी डॉलरचा भार सोसला. खोटे कोणीच बोलले नव्हते. प्रत्येकाने आपल्याला सोयीचे गृहीत धरले होते, इतकेच. आमच्या मते संगणकाच्या परीक्षणांचा सगळा इतिहास या एका गोष्टीत सामावला आहे: निकाल पाहण्याआधी गृहीत कोणाचे, ते पाहावे लागते.

हा प्रश्न पेंटियमहून बराच जुना आहे. १९७०च्या सुमारास ब्रिटनमध्ये सरकारी खात्यांसाठी संगणक घ्यायचे असत, आणि प्रत्येक विक्रेता आपलेच यंत्र सरस ठरवणारे आकडे घेऊन येई. (शाळेच्या संगणक कक्षासाठी दरपत्रके मागवणाऱ्या मुख्याध्यापकांना हे दृश्य नवे नाही.) तेथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतले ब्रायन विकमन यांनी शास्त्रीय कामाच्या सुमारे साडेनऊशे आज्ञावल्या तपासल्या आणि त्यांत बेरीज किती वेळा, गुणाकार किती, तुलना किती, याची मोजदाद केली. अर्थखात्याच्या तांत्रिक विभागातले हॅरल्ड कर्नो यांनी त्याच प्रमाणात त्या क्रिया असणारी एक कृत्रिम आज्ञावली १९७२ मध्ये लिहिली. तिचे नाव व्हेटस्टोन. लेस्टरजवळच्या ज्या गावी मूळचा कंपायलर तयार झाला, त्या गावाचेच हे नाव. ही चाचणी खरेदी करणाऱ्याच्या बाजूने घडवलेली होती, हे तिचे मोठेपण.

व्यापारात मात्र एकच सुटसुटीत आकडा हवा असतो. तो 'मिप्स'ने पुरवला: सेकंदाला किती दशलक्ष आज्ञा पाळल्या जातात, त्याचा आकडा. डिजिटल इक्विपमेंट कंपनीचे १९७७ सालचे व्हॅक्स-११/७८० हे यंत्र १ मिप्सचे मानले जाई आणि इतर यंत्रे त्याच्याशी ताडली जात. गंमत म्हणजे, त्या यंत्राने प्रत्यक्षात पाळलेल्या आज्ञा पुढे मोजल्या गेल्या, तेव्हा त्या सेकंदाला पाच लाखांच्या आसपासच भरल्या! मुळात एका यंत्राची एक आज्ञा म्हणजे दुसऱ्याच्या तीन आज्ञा असू शकतात. मिप्सच्या आद्याक्षरांची 'प्रोसेसरच्या वेगाचा निरर्थक निर्देशांक' अशी फोड अभियंते थट्टेने करत, ती उगाच नाही.

१९८४ मध्ये सीमेन्समधले राइनहोल्ट वाइकर यांनी ड्रायस्टोन ही चाचणी प्रसिद्ध केली. इंग्रजीत 'वेट' म्हणजे ओला आणि 'ड्राय' म्हणजे कोरडा, असा तो शब्दखेळ. तिच्यात दशांशांची गणिते नव्हती. पूर्णांक आणि अक्षरमाला यांचे काम होते. व्हॅक्सवर सेकंदाला तिच्या १७५७ फेऱ्या होत, म्हणून १७५७ फेऱ्यांना १ मिप्स म्हणण्याची रीत पडली. परंतु ही चाचणी फार लहान होती. शिवाय तिच्यातल्या काही गणितांची उत्तरे पुढे कोठेच वापरली जात नसत. 'हे उत्तर कोणाला नको आहे, मग काढायचे कशाला?' असा विचार करून हुशार कंपायलर तेवढे काम चक्क गाळू लागले. प्रोसेसर जिथल्या तिथे, आणि गुण मात्र वाढलेले. १९८८ मध्ये चाचणीची दुसरी आवृत्ती काढून ही पळवाट पुष्कळशी बुजवावी लागली.

त्याच वर्षी अपोलो, ह्युलेट-पॅकर्ड, मिप्स आणि सन या चार कंपन्यांनी 'स्पेक' ही संस्था काढली. चारही कंपन्या विक्रेत्याच, तेव्हा वाचकांच्या मनात शंका येईल. पण विक्रेते एकत्र बसले की एकमेकांवर डोळा ठेवतात, हा त्यातला फायदा होता. कृत्रिम आज्ञावल्यांऐवजी स्पेकने प्रत्यक्ष वापरातल्या मोठ्या आज्ञावल्या जमवण्याचे ठरवले. आणखी एक नियम केला: निकाल द्यायचा तर यंत्र कोणते, स्मृती किती, कंपायलर कोणता, त्याला कोणत्या सूचना दिल्या, हे सगळे जाहीर करायचे. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आम्हा लोकांना हा नियम आकड्याइतकाच मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे दुसऱ्याला तोच प्रयोग करून पाहता येतो.

तरीही १९८९च्या पहिल्याच संचात घोळ झाला. त्यातल्या दहा आज्ञावल्यांपैकी एक होती मॅट्रिक्स-३००. तिच्यात ३०० ओळी आणि ३०० स्तंभांच्या सारणींचे गुणाकार होते, आणि जवळजवळ सगळा वेळ आज्ञावलीच्या एका ओळीत जाई. सारणीचे लहान लहान तुकडे करून गुणाकार केला, तर लागणारे आकडे प्रोसेसरजवळच्या जलद स्मृतीत मावतात आणि काम कितीतरी पटींनी लवकर होते. कंपायलर बनवणाऱ्यांनी नेमके तेच केले. या एका आज्ञावलीचे गुण आकाशाला भिडले आणि त्यांनी सरासरीही वर खेचली. स्पेकने १९९२च्या संचातून ती काढून टाकली.

यात लबाडी होती का? आम्हाला तसे वाटत नाही. तुकडे करून गुणाकार करणे ही खरी, उपयोगी युक्ती आहे. पण अपेक्षित प्रश्नसंचातला एक प्रश्न घोकून आलेल्या विद्यार्थ्याला त्या प्रश्नात पैकीच्या पैकी गुण मिळाले, तर त्याला सगळा विषय येतो असे आपण म्हणत नाही. प्रश्नपत्रिका आधी ठाऊक असली की असे होणारच. महासंगणकांची स्थितीही फार निराळी नाही. १९९३ पासून वर्षातून दोनदा निघणारी पाचशे महासंगणकांची यादी लिनपॅक या एकाच चाचणीवर लागते. नोव्हेंबर २००७ च्या यादीत पुण्याचा 'एका' हा महासंगणक चौथा आला, तो याच चाचणीवर, आणि ते यश मोठेच होते. मात्र जपानच्या फुगाकू या यंत्राने लिनपॅकवर ४४२ पेटाफ्लॉप्स गाठले, आणि प्रत्यक्ष शास्त्रीय गणितांच्या जवळ जाणाऱ्या दुसऱ्या चाचणीवर १६. दोन्ही आकडे खरे आहेत.

लबाडीची शंका घ्यावी असे प्रकार पुढे ग्राफिक्स कार्डांच्या बाबतीत घडले. ऑक्टोबर २००१ मध्ये एटीआय कंपनीचे रॅडिऑन ८५०० हे कार्ड बाजारात आले. परीक्षक ते 'क्वेक-३' या खेळावर तपासत. कोणीतरी खेळाच्या फाइलचे नाव 'क्वेक'ऐवजी 'क्वॅक' असे केले. खेळ तोच, अक्षर बदललेले, आणि वेग घटला! कार्डाची चालक आज्ञावली फाइलचे नाव ओळखत होती आणि त्या नावाला चित्राचा दर्जा उतरवून वेग वाढवत होती.

आम्हाला हा प्रयोग अतिशय आवडतो. त्याला खर्च नाही, यंत्रसामग्री नाही. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर नाव न लिहिता बैठक क्रमांक लिहितात, त्यामागचा विचार इथे उलटा लावला आहे: तिथे परीक्षकापासून विद्यार्थ्याचे नाव लपवतात, इथे विद्यार्थ्यापासून परीक्षेचे नाव लपवले. २००८ मध्ये असाच प्रयोग प्रोसेसरवर झाला. व्हिया कंपनीच्या नॅनो प्रोसेसरमध्ये उत्पादकाची ओळख सांगणारी अक्षरे बदलता येत. ती बदलून इंटेलची केली, तेव्हा एका प्रसिद्ध चाचणीच्या स्मृती विभागातले गुण सुमारे ४७ टक्क्यांनी वाढले. इंटेलचा कंपायलर उत्पादकाचे नाव पाहून वेगळी वाट धरतो, ही तक्रार जुनीच होती. २०१० मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीत, इतरांच्या प्रोसेसरांवर हा कंपायलर कमी सरस काम करू शकतो हे ग्राहकांना सांगण्याचे इंटेलने मान्य केले.

चाचणी बनवणाऱ्यांचे पोट कशावर चालते, हाही प्रश्न आहे. मे २००३ मध्ये फ्युचरमार्क या कंपनीने जाहीर केले की, थ्रीडीमार्क-०३ या आपल्या चाचणीत एनव्हिडियाच्या चालक आज्ञावलीने फसवणूक केली. चाचणीतला कॅमेरा नेहमी ठराविक वाटेने फिरतो. त्या वाटेवरून जे दिसणार नाही, ते काढायचेच नाही, अशी सोय आधीच करून ठेवलेली होती. परीक्षकांनी कॅमेरा वाटेबाहेर नेला, तेव्हा चित्र फाटलेले दिसले. ही सोय निकामी केल्यावर जीफोर्स एफएक्स ५९०० अल्ट्राचे गुण २४.१ टक्क्यांनी उतरले. एटीआयच्या कार्डाचेही १.९ टक्क्यांनी उतरले. पण जूनच्या आरंभी दोन्ही कंपन्यांनी संयुक्त पत्रक काढले आणि 'फसवणूक' हा शब्द मागे घेतला गेला. ते 'विशिष्ट आज्ञावलीसाठी केलेले अनुकूलन' ठरले. मोजमाप तेच राहिले, शब्द बदलला. कार्ड बनवणाऱ्या कंपन्या ही चाचणी विकसित करण्याच्या कार्यक्रमाच्या वर्गणीदार होत्या, आणि एनव्हिडियाने त्यातून डिसेंबर २००२ मध्येच अंग काढून घेतले होते, एवढे नोंदवून पुढे जाऊ.

परीक्षकालाही उत्पादकाची गरज असते. नवे यंत्र बाजारात येण्याआधी हाती पडले, तरच परीक्षण वेळेवर निघते, आणि ते कोणाच्या हाती द्यायचे ते उत्पादक ठरवतो. डिसेंबर २०२० मध्ये एनव्हिडियाने ऑस्ट्रेलियातल्या 'हार्डवेअर अनबॉक्स्ड' या परीक्षकांना आपली कार्डे देणे थांबवत असल्याचे कळवले. कंपनीला महत्त्वाच्या वाटणाऱ्या एका तंत्राला ते पुरेसे महत्त्व देत नाहीत, असे कारण होते. त्यांनी ते पत्र उघड केले आणि थोड्याच दिवसांत कंपनीने दिलगिरी व्यक्त करून निर्णय मागे घेतला. ज्या परीक्षकांनी अशी पत्रे उघड केली नसतील, त्यांच्याविषयी अर्थातच इतिहासात काही सापडत नाही.

मोबाइल फोनही यातून सुटले नाहीत. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस-४ च्या एका प्रकारात काही ठराविक चाचण्या सुरू झाल्या की चित्र-प्रोसेसर ५३३ मेगाहर्ट्झवर चाले, इतर वेळी कमाल ४८०. हे २०१३ मध्ये उघडकीला आले.

स्पेकचे काम अजून चालू आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिने जाहीर केले की, इंटेलच्या कंपायलरच्या काही आवृत्त्या २०१७च्या संचातली एक आज्ञावली आधीच ओळखत होत्या, आणि तिच्यापुरतीच उपयोगी पडेल अशी युक्ती वापरत होत्या. म्हणजे मॅट्रिक्स-३०० पेक्षा एक पायरी पुढचे. त्या आवृत्त्या वापरून मिळवलेले निकाल २६००हून अधिक निघाले. प्रत्येक निकालाबरोबर कंपायलरची आवृत्ती लिहिण्याचा नियम पहिल्यापासून पाळला गेला होता, म्हणून ते शोधून काढता आले. स्पेकने ते निकाल काढून टाकले नाहीत. प्रत्येकावर कारणासह शेरा मारून ते होते तिथेच ठेवले आहेत.