परसातल्या बियांचा प्रवास

लोणंदहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. मागच्या वेळी हप्त्यांचा हिशेब सांगितला होता, आज बियांचा सांगणार आहोत. विषय आमच्या एका बैठकीतच निघाला. परसात काय काय लावलंय ते एकेकीने सांगायचं होतं. वांगी, मिरची, टोमॅटो, घेवडा, लाल भोपळा, दोडका, कारलं, अशी यादी झाली. तेवढ्यात एक म्हातारी सभासद म्हणाली, "हे सगळं आपल्या वाडवडलांपासूनचं आहे." आम्ही माना डोलावल्या. पुढे वाचायला लागलो तेव्हा कळलं, यातलं निम्मंअधिक पाहुणं आहे.

वांगं आपलं, याच देशातलं. दोडका, कारलं आणि काकडीही इथलीच. पण मिरची, टोमॅटो, बटाटा, लाल भोपळा, श्रावणघेवडा आणि मका ही सगळी मंडळी समुद्रापलीकडच्या अमेरिकेतली. 1498 साली वास्को द गामा कालिकतला उतरला, 1510 साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला, आणि त्यानंतर त्यांच्या जहाजांतून ही बियाणी आपल्या किनाऱ्यावर आली. 'बटाटा' हा शब्दसुद्धा त्यांचाच. म्हणजे त्याआधी आपल्याकडच्या कालवणाला तिखटपणा होता तो मिऱ्याचा आणि पिंपळीचा. लाल मिरचीचा ठेचा तेव्हा नव्हताच!

आपल्या लोणंदला दरवर्षी माऊलींची पालखी मुक्कामाला असते. वारीच्या वाटेवर संत सावता माळ्यांचे अभंग आपण ऐकतो. सावतोबा अरणचे, माढा तालुक्यातले. 1295 साली त्यांनी समाधी घेतली. भाजीच्या मळ्यातच विठ्ठल पाहणारा हा माळी. त्यांच्या सगळ्यात प्रसिद्ध अभंगात मिरचीचंही नाव येतं. आता मिरची इथे आली त्यानंतर दोनशे वर्षांनी. मग हे कसं? आम्हाला वाटतं, अभंग तोंडातोंडी पुढे येत गेला आणि गाणाऱ्यांनी आपल्या मळ्यातली नवी भाजी त्यात घातली. पाहुणी मिरची दोन-तीन पिढ्यांत इतकी घरची झाली की देवापुढेही जाऊन बसली.

आता आपल्या तालुक्याची गोष्ट. खंडाळा तालुका म्हटलं की आपण सावित्रीबाईंचं नायगाव सांगतो, आणि ते सांगायलाच हवं. पण खंडाळ्याचं नाव भाजीच्या इतिहासातही अडकलेलं आहे. 1829 साली मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याला थंड हवेचं ठाणं वसवायला महाबळेश्वरची जागा हवी होती. ती साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांची. तह झाला, महाबळेश्वर इंग्रजांकडे गेलं आणि बदल्यात महाराजांना खंडाळा गाव मिळालं.

गोरे साहेब महाबळेश्वरला राहायला आले, पण त्यांना जेवायला त्यांच्या भाज्या हव्या होत्या. तिथे इंग्रजांनी तुरुंग बांधला होता आणि त्यात सिंगापूर-मलाक्काकडून आणलेले चिनी आणि मलय कैदी ठेवले होते. या कैद्यांनी डोंगरउतारावर बटाटा आणि विलायती भाज्या पिकवल्या. त्यांचं पाहून आसपासचे लोक शिकले. 1864 साली तो तुरुंग बंद झाला. कैदी गेले, काही तिथेच राहिले, पण वाफे मात्र मोडले नाहीत. आज आपण महाबळेश्वरचं गाजर, मुळा आणि बटाटा कौतुकाने घेतो, त्याच्या मुळाशी घरापासून हजारो कोस लांब आणलेल्या माणसांचे कष्ट आहेत. त्यांची नावं कुणी आठवत नाही.

नावं राहिली नाहीत ती आपल्या आज्या-पणज्यांचीही. राजे, गव्हर्नर, तह, सगळं कागदावर आहे. पण भोपळ्याचं बी दरवर्षी राखेत घोळवून गाडग्यात कुणी ठेवलं, हे कुठल्या दप्तरात लिहिलेलं नाही. वेलावरचं पहिलं चांगलं फळ बियाला राखायचं, त्याला हात लावायचा नाही. दोडका वेलावरच वाळू द्यायचा. वांगं पिवळं होऊन पिकेपर्यंत थांबायचं. बी सावलीत सुकवायचं आणि कडुनिंबाचा पाला घालून तोंड बांधायचं. लेक सासरी निघाली की पदराच्या गाठीत चार बिया द्यायच्या. अक्षय्य तृतीयेला आळी करून वेलभाज्यांचं बी टोकायचं. आणि नवरात्रात घट बसवतो, तेव्हा काय करतो आपण? मातीत धान्य पेरून नऊ दिवस त्याची उगवण पाहतो. देवीची पूजा तर ती आहेच, शिवाय घरातलं बी चांगलं आहे की नाही याची परीक्षाही होते.

मग हे बी आपल्या हातातून गेलं कधी? स्वातंत्र्यानंतर सुधारित जाती आल्या. जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली महिको कंपनी काढली. त्यांची सुरुवात झाली ती भेंडीच्या सुधारित बियाण्याने. 1966 साली बियाण्यांचा कायदा झाला. 1976 साली अकोल्याला महाबीज सुरू झालं. त्याने पीक वाढलं, हे खोटं नाही. भेंडीवरच्या केवड्याने शेतंच्या शेतं पिवळी पडायची, तिथे नवी जात टिकली. पण संकरित बियाण्याची एक गोष्ट आहे. त्याच्या फळातलं बी पुन्हा पेरलं तर आईसारखं लेकरू निघेलच असं नाही. म्हणून दरवर्षी दुकान. गाडगी रिकामी झाली आणि उतरंडीवरून माळ्यावर गेली.

त्याचा फटका आम्हीही खाल्ला. लोणंदचा कांदा म्हणजे आपली ओळख. चार वर्षांपूर्वी आमच्यातल्या सहा जणींनी गटातून कर्ज काढून कांद्याचं सुटं बी घेतलं. स्वस्त मिळालं म्हणून घेतलं आणि पावती मागितली नाही. निम्मं उगवलंच नाही. जे उगवलं त्याला डेंगळे आले. विकणारा म्हणाला, हे बी माझं कशावरून? आमच्याजवळ ना पावती, ना पिशवी. पीक गेलं, हप्ते मात्र राहिले. एका सभासदाने गळ्यातली पोत मोडून हप्ता भरला. त्या दिवशी बैठकीत कुणी चहा घेतला नाही.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. पहिली म्हणजे बी पेरण्याआधी तपासायचं. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, रोज पाणी शिंपडायचं आणि दहा-बारा दिवसांनी मोड मोजायचे. कांद्याला प्रमाणित बियाण्यात किमान 70 टक्के उगवण लागते. बी विकतचं असेल तर पावती, पिशवी, खूणचिठ्ठी आणि मूठभर बी पीक निघेपर्यंत सांभाळायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे कांद्याचं बी स्वतः धरायचं. हे काम धीराचं आहे. कांदा पहिल्या वर्षी गड्डा देतो, दुसऱ्या वर्षी गोंडा. एकसारखे, घट्ट, बारीक मानेचे गड्डे निवडून दिवाळीच्या सुमाराला पुन्हा लावायचे. उन्हाळ्याच्या तोंडाला गोंड्यात काळं बी भरतं. दुसऱ्या जातीचा गोंडा जवळपास नको, नाहीतर भेसळ होते. फुलावर असताना फवारणी नको, कारण मधमाशी आली नाही तर बी भरतच नाही. आणि हे बी जेमतेम वर्षभर टिकतं. कांद्याचं बी दोन वर्षं डब्यात ठेवून उगवेल म्हणणं म्हणजे उधारीवर सण करणं.

रोपांसाठी आम्ही एक लहान शेडनेट उभारलं. विलायतेत काचेची घरं बांधली ती थंडीपासून रोप वाचवायला. आपल्याकडे उलटं आहे, आपण ऊन आणि पांढरी माशी बाहेर ठेवतो. ट्रेमध्ये कोकोपीट भरून मिरची, टोमॅटो आणि वांग्याची रोपं करतो. कांद्याला मात्र गादीवाफाच बरा. पहिल्या वर्षी पाणी जास्त झालं आणि मिरचीची रोपं मान टाकून मेली. दुसऱ्या वर्षापासून सकाळीच आणि बेतानं पाणी द्यायला शिकलो.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. शाळेत न गेलेल्या राहीबाईंनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली, आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्या आज्या जे गुपचूप करत होत्या, त्यालाच देशाने मान दिला. कायदाही आपल्या बाजूचा आहे. 2001 च्या पीक वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी राखायला, पेरायला, वाटायला आणि विकायलाही हक्क दिलाय. फक्त कंपनीच्या नावाचा शिक्का मारून ते विकता येत नाही.

आता आमच्या कपाटात हप्त्यांच्या वहीशेजारी बियांची वही आहे. कुठलं बी, कुणाच्या परसातलं, कधी काढलं, आणि राखणारीचं पूर्ण नाव. त्या म्हाताऱ्या सभासदाचं नाव पहिल्या ओळीत आहे, दुधी भोपळ्यासमोर. येत्या अक्षय्य तृतीयेला तुमच्याही गटाने एक वही घाला. बी द्या, बी घ्या आणि देणारीचं नाव लिहायला विसरू नका. नमस्कार.