नालेला हात

मल्हारगंजातल्या आमच्या गल्लीच्या टोकाला आखाडा होता. मारुतीच्या देवळीसमोर लाल माती, भिंतीला टेकवलेल्या मुग्दलांच्या जोड्या आणि कोपऱ्यात दगडी नाल. नाल म्हणजे दगडाचं जाडजूड कडं, आत धरायला मूठ. होळकरांनी मल्लांना आश्रय दिला, त्यामुळे इंदूरला आखाड्यांची हौस जुनी. अनंत चतुर्दशीला मिलांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघायचे, तेव्हा आखाड्यांची पोरंही लाठी फिरवत चालायची. आम्ही मुली गच्चीवरून बघायचो.

दहा वर्षांची असताना मी एकदा त्या नालेला हात लावला. वस्ताद ओरडले, "पोरी, लांब हो! बायकांनी नालेला शिवायचं नसतं." नेमकी त्याच वेळी आजी नळावरून डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन समोरून गेली. तिला कुणी लांब हो म्हटलं नाही.

पुढे मी खेळशिक्षिका झाले. खो-खो, लंगडी, फार तर गोळाफेक. एका शाळेत मुलींसाठी वजनं मागितली, तर पालकांना काय उत्तर द्यायचं म्हणून अर्ज परत आला.

जगात तरी वेगळं काय होतं? पुरुषांनी वजन उचललं ते १८९६ च्या पहिल्याच ऑलिंपिकमध्ये, अथेन्सला. बायकांची पहिली जागतिक स्पर्धा १९८७ ची आणि ऑलिंपिकमध्ये त्यांना जागा मिळाली २००० साली, सिडनीला. मधली १०४ वर्षं मोजताना मला अजून राग येतो.

१९ सप्टेंबर २०००, मंगळवार. पितृपक्ष चालू होता. रात्रीच्या बातम्यांत कर्णम मल्लेश्वरी दिसली. आंध्रातल्या श्रीकाकुलम जिल्ह्यातली मुलगी. तिच्या बहिणीही वजन उचलायच्या. १९९४ आणि १९९५ मध्ये ५४ किलो गटात ती जगज्जेती होती. १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत ६३ किलो गटात रौप्य मिळालं. सिडनीला ती ६९ किलो गटात उतरली, तेव्हा तिचं वजन वाढलंय, आता काय जमणार, असं बोललं जात होतं.

स्नॅचमध्ये बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर न्यायचा. तिथे तिने ११० किलो उचलले. क्लीन अँड जर्कमध्ये आधी खांद्यापर्यंत, तिथे श्वास घ्यायचा आणि मग वर. ते बघताना मी ताडकन उठले. आजी भरला हंडा अशीच उचलायची: आधी गुडघ्यावर टेकवून, क्षणभर थांबून, मग गुडघे किंचित वाकवून डोक्यावर. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि तिने उचललेल्या वजनाचा आकडाही कधी कुणी टिपून ठेवला नाही.

क्लीन अँड जर्कमध्ये मल्लेश्वरीने १३० उचलले, एकूण २४०. चीनची लिन वेइनिंग आणि हंगेरीची एर्झेबेट मार्कुस, दोघींचे २४२.५. शेवटच्या प्रयत्नाला हिने थेट १३७.५ मागितले, सुवर्णासाठी. बार हातून सुटला. कांस्य मिळालं. सिडनीत भारताचं तेवढं एकच पदक, आणि ऑलिंपिकमध्ये भारतीय बाईचं पहिलंच. त्या १३७.५ साठी मला ती जास्त आवडते.

दुसऱ्या दिवशी आजीची हंडा-कळशी काठोकाठ भरून वाण्याच्या काट्यावर नेली. २३ किलो भरले. बायकांच्या स्पर्धेतला मोकळा बार १५ किलोचा असतो. आजी रोज सहा खेपा करायची. मी एक वही केली आणि पहिल्या ओळीत तो आकडा लिहिला. त्याखाली माझ्या विद्यार्थिनींचे आकडे येत गेले. वजनं शेवटी आम्ही वर्गणी काढून आणली होती.

२०२१ मध्ये मीराबाई चानूने टोकियोत ४९ किलो गटात २०२ उचलून रौप्य आणलं. तीही लहानपणी सरपणाच्या मोळ्या वाहायची. पुढल्या वर्षी मे महिन्यात वडगाव मावळची हर्षदा गरुड ग्रीसमधल्या हेराक्लिऑनला ४५ किलो गटात ज्युनियर जगज्जेती झाली. ७० आणि ८३, एकूण १५३. ज्युनियर गटात आधी कुणा भारतीयाला हे सुवर्ण मिळालं नव्हतं.

हर्षदाचा आकडा मी वहीत उतरवला, तेव्हा शेजारची आठवीतली मुलगी डोकावून विचारत होती, "मावशी, सगळ्यात वर हे २३ कुणाचे?"