मालक गेले, नाव राहिले : शातो ओ-ब्रियाँची पाच शतके

१/ १० एप्रिल १६६३. लंडनच्या रॉयल ओक टॅव्हर्नमध्ये नौदल प्रशासनातील अधिकारी सॅम्युअल पेपिस याने एक फ्रेंच मद्य चाखले. इतकी चांगली आणि आगळी चव पूर्वी कधी अनुभवली नव्हती, असे त्याने रोजनिशीत नोंदवले. नाव मात्र कानाला ऐकू आले तसे लिहिले : ‘हो ब्रायन’.

२/ या नोंदीचे महत्त्व चवीपेक्षा नावात आहे. त्या काळी बोर्दोचे लाल मद्य पिंपांत भरून इंग्लंडला जाई. व्यापारी निरनिराळ्या मळ्यांचा माल एकत्र करीत. ग्राहकाला ‘क्लॅरेट’ एवढी ओळख पुरे होई. पेपिसने मात्र एका विशिष्ट मळ्याचे नाव लिहिले.

३/ हा मळा बोर्दोलगतच्या पेसाक गावचा. जमीन खडे आणि वाळूची. १५२५ मध्ये ज्याँ द पोंताकचा विवाह झाला आणि पत्नीच्या हुंड्यातून त्याला येथील जमीन मिळाली. पुढे त्याने आणखी जमीन घेतली आणि १५४९ मध्ये वाडा बांधायला काढला. १५८९ मध्ये, वयाच्या १०१व्या वर्षी, तो वारला.

४/ सतराव्या शतकातील त्याचा वंशज आर्नो द पोंताक हा ‘पार्लमाँ’चा, म्हणजे बोर्दोच्या उच्च न्यायपीठाचा, प्रमुख होता. आपले मद्य मळ्याच्या नावाने वेगळे ओळखले जावे, ही दृष्टी त्याची. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्या तळघराच्या वहीत १६६० मध्येच या मद्याच्या १६९ बाटल्यांची नोंद आढळते.

५/ १६६६ च्या भीषण आगीनंतर लंडन पुन्हा उभे राहत असताना आर्नोच्या मुलाने तेथे ‘पोंटाक्स हेड’ ही खानावळ थाटली. पाटीवर चित्र खुद्द आर्नोचे! पुढे रॉयल सोसायटीच्या सदस्यांची भोजनेही येथे होऊ लागली.

६/ १६७७ मध्ये तत्त्वज्ञ जॉन लॉक हा मळा पाहायला गेला. ती नापीक दिसणारी जमीन पाहून तो चकित झाला. दर का चढले, याचे कारणही त्याने टिपले : श्रीमंत इंग्रज ‘वाटेल त्या किमतीला, पण उत्तमच हवे’ म्हणून मागणी करीत होते.

७/ नाव वाढत होते, घराणे मात्र आटत होते. आर्नोचा मुलगा निपुत्रिक वारला. मळा बहिणीकडे गेला आणि पुढे वारशाने फ्युमेल घराण्याच्या हाती आला.

८/ १७८७ मध्ये अमेरिकेचा पॅरिसमधील राजदूत थॉमस जेफरसन बोर्दोला आला. त्याने चार मळे सर्वोत्तम म्हणून नोंदवले : मार्गो, लातूर, ओ-ब्रियाँ, लाफित. ६८ वर्षांनी, १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी दलालांनी बाजारभावावरून प्रतवारी लावली, तेव्हा लाल मद्यांच्या पहिल्या पंगतीत हेच चौघे होते. त्यांपैकी मेदोक प्रदेशाबाहेरचा एकटा ओ-ब्रियाँ.

९/ या दोन तारखांच्या मध्ये फ्रेंच राज्यक्रांती येते. मळ्याचा मालक जोसेफ द फ्युमेल १७९० मध्ये बोर्दोचा महापौर झाला होता. तरीही दहशतीच्या पर्वात त्याचे सरदारपण आड आले. जुलै १७९४ मध्ये त्याचा गिलोटिनवर शिरच्छेद झाला. त्याच महिन्याच्या २८ तारखेला रोब्सपियरही त्याच यंत्राखाली गेला. फ्युमेलसाठी तो बदल उशिरा आला.

१०/ पुढे मालक बदलत राहिले. १८०१ ते १८०४ या काळात मुत्सद्दी तालेराँ मालक होता. १९३५ मध्ये अमेरिकन बँकर क्लॅरेन्स डिलन याने मळा घेतला. दुसऱ्या महायुद्धात वाड्याचे रुग्णालय झाले. आजही मालकी डिलनच्या वारसांकडेच आहे.

११/ आर्नोने लंडनच्या बाजारात दोन नावे पाठवली होती : एक कुळाचे, एक मळ्याचे. ज्या कुळाचे नाव खानावळीच्या पाटीवर मिरवले, ते आज अभ्यासकांपुरते उरले. मळा हुंड्यात आला, वारशाने फिरला, अनेकदा विकला गेला. त्याचे नाव मात्र प्रत्येक नव्या मालकाने जसेच्या तसे ठेवले, कारण किंमत त्या नावालाच होती. पेपिसला ते नीट लिहिता आले नाही, पण विसरताही आले नाही.