फिजिशियन असिस्टंट : परवान्याचे नूतनीकरण (अमेरिका)

डॉक्टरांच्या जोडीने रुग्ण तपासणारा, निदान करणारा व औषधे लिहून देणारा, पण स्वतः एम.डी. नसलेला व्यावसायिक म्हणजे फिजिशियन असिस्टंट, बोलण्यात ‘पीए’. युजीन स्टेड यांनी १९६५ साली ड्यूक विद्यापीठात नौदलातून आलेल्या चार वैद्यकीय सहायकांना घेऊन हा अभ्यासक्रम सुरू केला.

पीएजवळ दोन कागद लागतात आणि नूतनीकरणातला बहुतेक घोळ त्यांच्यात गल्लत झाल्याने होतो. एक राज्याचा परवाना. तो नसेल तर रुग्ण तपासता येत नाही. दुसरे ‘एनसीसीपीए’ या राष्ट्रीय संस्थेचे प्रमाणपत्र. ते असेल तरच नावापुढे ‘पीए-सी’ लिहिता येते. पहिला परवाना मिळवताना या संस्थेची परीक्षा सगळीकडेच द्यावी लागते. पुढे प्रमाणपत्र चालू ठेवायचे की नाही, हे राज्याराज्यावर आहे.

प्रमाणपत्राचे चक्र पूर्वी सहा वर्षांचे होते, २०१४ पासून ते दहा वर्षांचे झाले. दर दोन वर्षांनी ३१ डिसेंबरच्या आत निरंतर शिक्षणाची १०० क्रेडिट नोंदवायची, त्यांपैकी निदान ५० पहिल्या वर्गातली म्हणजे मान्यताप्राप्त कार्यक्रमांतली, आणि शुल्क भरायचे. (महाराष्ट्रातल्या डॉक्टरांना पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात.) चक्र संपताना २४० प्रश्नांची फेरपरीक्षा असते. प्रश्न वैद्यकाच्या सर्व शाखांतले; वर्षानुवर्षे हाडांच्याच शस्त्रक्रियेत राहिलेल्याला बालरोग नव्याने वाचावा लागतो, हे गाऱ्हाणे जुने आहे आणि रास्तही. २०२३ पासून त्यावर एक उतारा निघाला: तिमाहीला २५ प्रश्न, प्रश्नाला पाच मिनिटे, हवे ते पुस्तक उघडून. तीन वर्षांच्या बारा तिमाहींतल्या सर्वोत्तम आठ तेवढ्या धरतात.

राज्यांची तऱ्हा निराळी. कॅलिफोर्नियात परवान्याची मुदत दोन वर्षांची, पण ती संपते जन्ममहिन्याच्या अखेरच्या मध्यरात्री. जूनमध्ये जन्मलेल्याचा परवाना ३० जूनला संपतो, प्रमाणपत्राची तारीख मात्र डिसेंबरचीच. तिथे ५० तासांचे शिक्षण दाखवावे लागते. प्रमाणपत्र चालू असले तर तेही चालते. न्यूयॉर्कमध्ये परवाना एकदा मिळाला की जन्मभराचा, मात्र काम करायचे तर दर तीन वर्षांनी नोंदणी हवीच.

नियंत्रित औषधे लिहिणाऱ्याला ‘डीईए’ या केंद्रीय यंत्रणेकडेही दर तीन वर्षांनी नोंदणी करावी लागते. २७ जून २०२३ पासून तिला व्यसनोपचाराच्या आठ तासांच्या प्रशिक्षणाची अट जोडली आहे. ती एकदाच पुरी करायची. राज्याच्या परवान्याची मुदत चुकली तर कॅलिफोर्नियात पाच वर्षांपर्यंत जुना परवाना जिवंत करता येतो. त्यानंतर नवा अर्ज.