वृद्धांची हेळसांड आणि आपले कर्तव्य

रत्नागिरी जिल्ह्याचा इतिहास हा बऱ्याच अंशी वाट पाहणाऱ्या आईबापांचा इतिहास आहे. १९११ साली मुंबईच्या कापडगिरण्यांतील जवळजवळ निम्मे कामगार या एका जिल्ह्यातले होते. आजच्या सिंधुदुर्गाचा बराच भागही तेव्हा त्यातच मोडत असे. मुलगा मुंबईस आणि म्हातारी माणसे गावी घर राखायला, असा संसार पिढ्यान्‌पिढ्या चालला. पोस्टमनने आणलेली मनीऑर्डर हाच अनेकांचा आधार. ती थांबली, तर दाद कोणाकडे मागावयाची?

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने पत्नीला व मुलांना पोटगीचा हक्क दिला. आईबापांचा उल्लेख तीत नव्हता. १९५६ च्या कायद्याने हिंदू आईबापांची सोय केली. ख्रिस्ती आईबापांसाठी असा कायदा नव्हता. १९७३ च्या नव्या संहितेतील १२५ व्या कलमाने प्रथमच सर्वधर्मीय आईबापांना पोटगीचा हक्क मिळाला. पुढे १९८७ साली महाराष्ट्रातीलच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विवाहित मुलीवरही पित्याच्या पोषणाची जबाबदारी आहे, असा निर्णय दिला. ‘मुलगी परक्या घरची’ ही सबब तेथे टिकली नाही.

तथापि हेळसांड केवळ अन्नवस्त्राची नसते. ती पुष्कळदा कागदावरील सहीने सुरू होते. घर, परसू आणि आंब्याची कलमे बक्षीसपत्राने मुलाच्या नावे होतात, सातबाऱ्यावरील नाव बदलते आणि त्याबरोबर घरातील जागाही बदलते. मार्कलिखित शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात, मालमत्ता ‘कुर्बान’ म्हणून देवाला वाहिली असे सांगून आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांचा प्रभू येशूने कठोर निषेध केला आहे. रोग जुनाच आहे.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने या रोगावर उपाय योजला. सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकते. मात्र अशी अट सिद्ध झाली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली बजावले. २०२५ साली त्याच न्यायालयाने या कलमाचा उदार अर्थ लावून एका आईने मुलाला दिलेले बक्षीसपत्र रद्द ठरविले. तरीही न्यायालयाच्या उदारतेवर विसंबून राहू नये. सांभाळाची अट बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहून घ्यावी. आणि शक्य तर हयातीत मालमत्ता देण्याऐवजी मृत्युपत्र करावे, कारण ते केव्हाही बदलता येते. पोटगीचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करता येतो. १४५६७ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

परंतु तक्रार करणार कोण? पोटच्या मुलाविरुद्ध बोलण्यापेक्षा उपाशी राहणे पत्करणारी माता आमच्या पाहण्यात आहे. पापनिवेदनात कानी आलेली गोष्ट आम्हां धर्मगुरूंना कधीही उघड करता येत नाही. म्हणून जे पाहावयाचे, ते शेजाऱ्यांनी पाहिले पाहिजे. मिस्साला नियमित येणारी व्यक्ती अकस्मात येईनाशी झाली काय? पासबुक दुसऱ्याच्या ताब्यात गेले काय? फुटलेला चष्मा महिनोन्‌महिने तसाच आहे काय? औषधांत खंड पडतो काय? अंगावरील व्रणाचे कारण दरवेळी ‘पडले’ एवढेच सांगितले जाते काय? भेटीस गेलेल्याशी त्यांना एकटे बोलू दिले जात नाही काय? यांतील एखादी खूण अपराध सिद्ध करीत नाही. पण पुन्हा जाऊन विचारपूस करण्यास ती पुरेशी आहे.

प्रेषितांच्या काळी जेरूसलेम येथे रोजच्या वाटपात काही विधवांकडे दुर्लक्ष होत असल्याची कुरकुर झाली. प्रेषितांनी ती घरगुती भांडण म्हणून झटकून टाकली नाही. त्या कामासाठी सात माणसे नेमली. आपल्या धर्मग्रामातही प्रत्येक वाडीमागे दोन विश्वासू माणसे नेमून एकट्या वृद्धांना दर आठवड्यास भेट देता येईल. कायदा दार ठोठावल्यावर उघडतो. ज्यांना दारापर्यंत चालवत नाही, त्यांच्याकडे आपणच गेले पाहिजे.