मेलेलंच जन्मलं, हे कोण ठरवतं?

कोल्हापुरात कुणालाही 'सीपीआर कुठंय हो?' म्हणून विचारा. समोरचा छातीवर दाबून दाखवणार नाही, तो सरळ छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाचा रस्ता सांगेल. आमच्याकडं सीपीआर म्हणजे ते, जुन्या माणसांचा थोरला दवाखाना. बाकीच्या जगात मात्र सीपीआर म्हणजे बंद पडलेला श्वास आणि हृदय हातांनी चालू ठेवायचं तंत्र. या दुसऱ्या सीपीआरबद्दल गेले दोन-तीन वीकेंड वाचत बसलो होतो. वाचता वाचता लक्षात आलं की या विषयातलं आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात भारी काम कुठल्या मोठ्या शहरातल्या आयसीयूत झालेलं नाही. ते गडचिरोलीच्या खेड्यांत, मातीच्या घरात, सातवी-आठवी शिकलेल्या बायकांच्या हातून झालंय. आणि ते झालंय जन्मून मिनिटभरही न झालेल्या बाळांवर.

तातडीच्या वैद्यकातल्या संशोधनाला दोन पाय असतात. एक, समोरचा पेशंट जगणार की जाणार याचा अंदाज. दुसरा, तो जाऊ नये म्हणून हातांनी करायची कामं आणि ती कुणाला कशी शिकवायची. पुस्तकात ही प्रकरणं वेगवेगळी असतात. प्रत्यक्षात ती एकमेकांत इतकी अडकलेली आहेत की एक ओढलं की दुसरं येतंच. हे नीट कळायला आधी थोडं अमेरिका आणि डेन्मार्क फिरून येऊ.

१९५२ साली न्यूयॉर्कमध्ये व्हर्जिनिया अपगार या भूलतज्ज्ञ बाईंनी नवजात बाळाला मार्क द्यायची पद्धत मांडली. हृदयाचे ठोके, श्वास, अंगातला ताठपणा, चिमटा काढल्यावरची प्रतिक्रिया आणि रंग, अशा पाच गोष्टी, प्रत्येकीला ० ते २ मार्क, जन्मानंतर एका मिनिटानं. १९५३ साली तो निबंध छापून आला. त्यात २ किंवा त्याहून कमी मार्क मिळालेल्या, पूर्ण दिवसांच्या बाळांपैकी १४ टक्के दगावली होती आणि ८ ते १० वाल्यांपैकी जेमतेम ०.१३ टक्के. पण माझ्या मते खरा फरक आकड्यांनी पाडला नाही. मार्क द्यायचे म्हणजे कुणीतरी बाळाकडं बघायला लागतं! तोवर जन्म झाला की सगळं लक्ष आईकडं असायचं आणि निळं पडलेलं, न रडणारं बाळ बऱ्याचदा तसंच बाजूला ठेवलं जायचं.

१९५२ सालीच कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेले पेशंट, आणि यंत्रं मोजकीच. ब्यॉर्न इब्सेन या डॉक्टरनं वैद्यकीय विद्यार्थी पाळ्यांवर बसवले आणि त्यांनी रबरी पिशव्या दाबून माणसं जगवली. एकूण १५०० च्या आसपास विद्यार्थी होते म्हणतात. पुढं १९५६ मध्ये डेन्मार्कमध्येच आपोआप फुगणारी पिशवी निघाली, तीच अंबू बॅग. तिला ना वीज लागते ना सिलिंडर. दाबली की हवा आत, सोडली की पुन्हा फुगते. इतकं साधं डिझाइन आणि त्यात बिघडण्यासारखं जवळपास काही नाही, हे पाहून इंजिनियर म्हणून मला हेवा वाटतो.

आता येऊ आपल्याकडं. अभय आणि राणी बंग हे डॉक्टर दांपत्य अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकून परत आलं आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्याला गडचिरोलीत त्यांनी 'सर्च' ही संस्था सुरू केली. १९९३ पासून त्यांनी नवजात बाळांच्या मृत्यूवर क्षेत्र-चाचणी हाती घेतली. ३९ गावांत काम करायचं आणि ४७ गावं तुलनेसाठी. बाळंतपणं जवळपास सगळी घरी. दर हजार जिवंत जन्मांमागं ६० च्या घरात बाळं पहिल्या २८ दिवसांत जात होती.

१९९५-९६ या वर्षात निवडलेल्या गावकरी बायकांनी, म्हणजे आरोग्यदूतांनी, फक्त बघायचं आणि लिहायचं काम केलं. ठरलेल्या दिवशी घरी जायचं, वजन, ताप, दूध ओढतंय का, रडतंय कसं, सगळं फॉर्मवर. या एका वर्षाबद्दल माझ्या मनात खडा आहे, तो लपवत नाही. आजारी बाळ डोळ्यांसमोर आणि हातात फक्त पेन. पण ते वर्ष नसतं तर पुढचं काहीच उभं राहिलं नसतं, हेही तितकंच खरं. या दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र बसत नाहीत, आणि मी त्या जबरदस्तीनं बसवत नाही.

त्या नोंदींतून काय निघालं बघा. कुठलं बाळ जंतुदोषानं जाणार हे ओळखायची सात लक्षणं. दूध ओढणं कमी किंवा बंद होणं, रडणं क्षीण किंवा बंद, हातपाय ढिले पडणं, उलट्या किंवा पोट फुगणं, आईच्या हाताला बाळ गार लागणं, श्वास घेताना छाती जोरात आत ओढली जाणं, आणि नाळेची जागा पिकणं. यातली कुठलीही दोन एकाच वेळी दिसली की धोका. रक्ततपासणी नाही, मशीन नाही. २००५ साली हे निकष प्रसिद्ध झाले, तेव्हा त्या माहितीत जंतुदोषानं दगावलेलं एकही बाळ या चाळणीतून निसटलं नव्हतं. म्हणजे संवेदनशीलता १०० टक्के. विशिष्टता ९२ टक्के. गावातल्या सगळ्या बाळांपैकी १०.६ टक्क्यांवर ही घंटा वाजायची.

आता आमच्या धंद्यातलं गणित लावा. घंटा वाजलेल्या १०० बाळांपैकी उपचार न करता गेली असती अशी साधारण २७-२८. म्हणजे ७० पेक्षा जास्त वेळा 'फॉल्स पॉझिटिव्ह'. आमच्या ऑफिसात एखादा अलर्ट इतक्या वेळा खोटा वाजला तर लोक तिसऱ्या दिवशी तो म्यूट करतात. पण तिथं खोट्या अलार्मची किंमत होती बाळाला काही दिवस औषध आणि जेंटामायसिनची इंजेक्शनं. अलार्म चुकून वाजलाच नाही तर किंमत होती एक बाळ. थ्रेशोल्ड कुठं ठेवायचा हा प्रश्न गणिताचा नसतोच हो, तो चुकीची किंमत कोण मोजतं याचा असतो. आणि मुख्य म्हणजे ज्या बाईला ही घंटा ऐकू यायची, तिच्याच पिशवीत औषध होतं. घंटा गडचिरोलीत आणि औषध नागपुरात असतं तर या निकषांचं कौतुक फक्त जर्नलमध्ये उरलं असतं.

निकाल डिसेंबर १९९९ च्या 'लॅन्सेट'मध्ये आला. जंतुदोष झालेल्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ३९ गावांत हजारी २५.५, तेव्हा तुलनेच्या गावांत तो अजून ६० च्या जवळपास. खर्च प्रत्येक बाळामागं ५.३ डॉलर.

हा भाग बऱ्याच जणांनी कुठं ना कुठं वाचलेला असतो. मला जास्त धरून ठेवलं ते दुसऱ्या भागानं, म्हणजे जन्मतःच श्वास न घेणाऱ्या बाळांनी.

घरच्या बाळंतपणात बाळ रडलं नाही तर पूर्वीपासून काय करत? उलटं धरून थोपटणं, पाणी मारणं, काही ठिकाणी वार शेकणं. नाहीच रडलं तर 'मेलेलंच जन्मलं' म्हणून कापडात गुंडाळायचं. सर्चनं टप्प्याटप्प्यानं बदल केले. १९९३ ते ९५ मध्ये प्रशिक्षित सुइणी तोंडानं श्वास द्यायच्या. ९५-९६ मध्ये आरोग्यदूत फक्त निरीक्षण करत होत्या. १९९६ ते ९९ मध्ये त्यांच्या हाती नळी आणि मास्क आला, एका टोकाला बाळाचं तोंड-नाक, दुसऱ्या टोकानं बाईनं फुंकायचं. १९९९ पासून २००३ पर्यंत पिशवी आणि मास्क. हस्तक्षेपाच्या या वर्षांत ५०३३ बाळंतपणं घरी झाली आणि त्यातल्या ८४ टक्क्यांना आरोग्यदूत हजर होती. गंभीर गुदमरलेल्या बाळांमधले मृत्यू ३९ टक्क्यांवरून २० वर आले.

इथं थोडं थांबून आकडे तपासू. हा ३९-२० चा फरक संख्याशास्त्राच्या नेहमीच्या रेषेच्या किंचित अलीकडंच राहिला. नळीपेक्षा पिशवी चांगली दिसली, पण तो फरकही पक्का सिद्ध झाला नाही, आणि लेखकांनी ते स्वतःच लिहिलंय. मला उलट यामुळं त्यांच्यावर जास्त विश्वास बसला. एकूण हिशेबात गुदमरून होणारे मृत्यू ६५ टक्क्यांनी घटले, तो फरक मात्र भक्कम. पिशवी-मास्कचा खर्च वाचलेल्या एका मृत्यूमागं १३ डॉलर.

त्याच निबंधात अजून एक गोष्ट आहे जिच्यावर कुणी फारसं बोलत नाही. गावात पदवी नसलेले 'डॉक्टर' कळा वाढवायचं इंजेक्शन टोचायचे. जिथं ते टोचलं गेलं तिथं बाळ गंभीर गुदमरण्याची किंवा मृत जन्मण्याची शक्यता साधारण तिप्पट दिसली. अवघड बाळंतपणातच ते जास्त दिलं जात असेल, म्हणून सगळा दोष सुईला देता येणार नाही. पण आकडा साधा नाही.

आता शीर्षकातला प्रश्न. 'मृत जन्म' ही नोंद आपण वस्तुस्थिती समजतो. पण बाळ हलत नाही, रडत नाही, निळं आहे, म्हणून कुणी प्रयत्नच केला नाही, तर ते मेलेलंच राहणार आणि रजिस्टरमध्ये नोंद बरोबर ठरणार. अंदाजानंच स्वतःला खरं करून घेतलं! आमच्या भाषेत, लेबलच आधीच्या निर्णयानं बिघडलेलं. नाळेत ठोका चालू आहे का हे ज्यानं हात लावून पाहिलं, त्याच्यासाठी ते वेगळं बाळ असतं.

याचा पुरावा आमच्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, बेळगावात मिळाला. तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या मंडळींनी 'हेल्पिंग बेबीज ब्रीद' हा २०१० साली आलेला सोपा अभ्यासक्रम ग्रामीण आरोग्य केंद्रांतल्या आणि दवाखान्यांतल्या ५९९ जणांना शिकवला. अभ्यास २०१३ मध्ये छापून आला. शिकवण्याआधीचे ४१८७ जन्म, नंतरचे ५४११. ताजे मृत जन्म, म्हणजे प्रसूतीच्या आसपासच गेलेली बाळं, १.७ टक्क्यांवरून ०.९ वर. जवळजवळ निम्मे. लगेच शंका येते की ही बाळं नुसती या रकान्यातून त्या रकान्यात गेली असतील, तासभर जगून मग दगावली असतील. तसं असतं तर नवजात मृत्युदर तेवढाच वर जायला हवा होता. तो १.८ वरून १.९ झाला, बस्स. म्हणजे बहुतेक जगली. (आधी-नंतरची तुलना आहे, शेजारी तुलनेचा गट नाही, त्यामुळं थोडं मीठ लावूनच घ्यायचं.) आणि गंमत म्हणजे शुद्धीवर आणायचे एकूण प्रयत्न कमी बाळांवर करावे लागले, पण पिशवी-मास्कनं श्वास देणं मात्र वाढलं. म्हणजे आधीही प्रयत्न होत होते, हात नंतर नीट पडू लागले.

ऑक्सिजनबद्दलही एक समज असाच मोडला. दिल्लीच्या सिद्धार्थ रामजींनी १९९३ मध्ये आणि मग नॉर्वेच्या साऊगस्टाड यांच्यासोबत १९९८ मध्ये सहा देशांत दाखवलं की पूर्ण दिवसांच्या बाळाला साधी हवा दिली तरी शुद्ध ऑक्सिजनपेक्षा काही वाईट होत नाही. २०१० पर्यंत जगभरचे नियम त्याप्रमाणं बदलले. म्हणजे गडचिरोलीतली साध्या हवेवर चालणारी पिशवी ही काही गरिबांची तडजोड नव्हती.

सरकारनं २००९ मध्ये नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रम काढून डॉक्टर-नर्सना हे तंत्र शिकवायला घेतलं आणि २०११ मध्ये घरी जाऊन नवजात बाळं बघायचं काम देशभरच्या आशाताईंकडं आलं. घरची बाळंतपणंही कमी झाली. महाराष्ट्रात दवाखान्यातल्या प्रसूती २००५-०६ च्या पाहणीत ६४.६ टक्के होत्या, २०१९-२१ मध्ये ९४.७. त्यामुळं पिशवी धरणारा हात आता बहुतेक वेळा रात्रपाळीच्या नर्सचा असतो. तिला महिनोन् महिने तशी वेळ येत नाही आणि न वापरलेलं कसब उतरतं, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. म्हणून बाहुलीवर सराव चालू ठेवायला लागतो.

त्या बाहुलीत दोनेक लिटर पाणी भरतात, म्हणजे हातात घेतल्यावर खऱ्या बाळासारखी जड लागते. तिला तीन रबरी फुगे जोडलेले असतात, एक रडण्याचा, एक श्वासाचा आणि एक नाळेतल्या ठोक्याचा. शिकवणारा पहिले दोन सोडून देतो आणि नाळेचा तेवढा दाबत राहतो.