गुणसूत्र विलगन

पेशीविभाजनात दुप्पट झालेली गुणसूत्रे पेशीच्या मध्यप्रतलावर येऊन त्यांचे अर्धे भाग विरुद्ध ध्रुवांकडे जाण्याची प्रक्रिया. वाल्टर फ्लेमिंग यांनी सॅलॅमँडरच्या डिंभांच्या पेशी रंगवून हा क्रम पाहिला व १८८२ च्या ग्रंथात सचित्र मांडला.

दुप्पट झालेल्या गुणसूत्राची दोन अर्धगुणसूत्रे कोहेसीन या प्रथिनाच्या कड्यांनी एकत्र राहतात. प्रत्येकावर कायनेटोकोअर ही प्रथिनांची चकती असते. चातीसारख्या निमुळत्या तर्कूमधील सूक्ष्मनलिका सतत वाढत व आखडत असतात. त्यांतील काही या चकत्यांना येऊन चिकटतात. पुष्कळ जोडण्या आधी चुकतात, दोन्ही चकत्या एकाच ध्रुवाला जोडल्या जातात. अशी जोडणी टिकत नाही. दोन्ही बाजूंनी ताण बसला तरच ती पक्की होते.

ताणाचे महत्त्व ब्रूस निकलस यांनी प्रत्यक्ष सिद्ध केले. नाकतोड्याच्या शुक्रजनक पेशीत काचेची अतिसूक्ष्म सुई घालून त्यांनी चुकीने जोडलेले गुणसूत्र ओढून धरले. एरवी सुटणारी जोडणी टिकून राहिली (१९६९). खंडोबाच्या किड्यात (प्रार्थनाकीटक) एखादे एक्स गुणसूत्र जोडीदाराविना राहिले, तर पेशी विभाजन तासन्‌तास रोखून धरते. शियाओतियान ली व निकलस यांनी ते गुणसूत्र सुईने ताणताच विभाजन पुढे सरकले (१९९५). गुणसूत्राची चाल थोपवण्यास सुमारे ७०० पिकोन्यूटन बल लागते, हे निकलस यांचे १९८३ चे मापन. नंतरच्या काही मापनांत ते बरेच कमी येते.

ली व निकलस यांच्या प्रयोगाच्याच वर्षी, १९९५ मध्ये, कॉनली रीडर व सहकाऱ्यांनी न जोडलेली अखेरची चकती लेसरने नष्ट केली. प्रतीक्षा संपून पेशी विभागली. म्हणजे एक मोकळी चकतीही थांबण्याचा संकेत देते. ताण स्वतः संकेत देतो की केवळ जोडणीद्वारे, याबद्दल मतभेद आहेत.

सर्व जोडण्या झाल्यावर सेपरेज हे विकर बंधमुक्त होऊन कोहेसीनची कडी कापते. अर्धगुणसूत्रे मिनिटाला साधारण एक मायक्रोमीटर वेगाने ध्रुवांकडे सरकतात.

कळलावीतही आढळणारे कॉल्चिसीन तर्कू बनू देत नाही व विभाजन मध्यावस्थेत अडते. याच युक्तीचा आधार घेऊन त्जिओ व लेव्हान यांनी १९५६ मध्ये मानवी गुणसूत्रांची संख्या ४६ असल्याचे दाखवले. सदाफुलीतील व्हिंक्रिस्टीनही तर्कू बनू देत नाही, म्हणून ते कर्करोगावर वापरतात.

सपुष्प वनस्पतींच्या पेशींत तारककेंद्र (प्राणिपेशींत तर्कूच्या ध्रुवांशी असणारी रचना) नसूनही तर्कू तयार होतो.